रुक्मिणीच्या माहेरची वाट

दिवाळीची सुट्टी जवळ आली की घरोघरी सहलीची बोलणी सुरू होतात. कुणी महाबळेश्वर म्हणते, कुणी गोवा म्हणते, कुणाच्या घरी तिरुपतीचा नवस फेडायचा असतो. पण ‘यंदा आपण आपलंच वऱ्हाड पाहू या’ असे म्हणणारी बाई क्वचितच भेटते. बाहेरगावची नणंद आली आणि तिने विचारले, ‘‘वहिनी, तुमच्याकडे पाहण्यासारखं काय आहे हो?’’ तर आपण ‘चिखलदरा’ म्हणून मोकळ्या होतो. घरातली आजी तर सरळच सांगते, ‘‘आपल्या इकडं काय हाय वं पाह्यासारखं? ऊन अन् कपाशी!’’

खरं म्हणजे आपला मुलूख लेकींसाठी प्रसिद्ध. अगस्तींची लोपामुद्रा विदर्भाची, नळाची दमयंती विदर्भाची, कालिदासाच्या ‘रघुवंशा’तली इंदुमती विदर्भाची आणि श्रीकृष्णाची रुक्मिणीही विदर्भाचीच. पुराणकाव्यांत एवढ्या लेकींची नावे असलेला हा मुलूख. पण पुढे गड आले, छत्र्या आल्या, वेशी आल्या आणि तिथे नावे उरली ती फक्त पुरुषांची. म्हणून या खेपेस मी तुम्हाला जी वाट सांगणार आहे, त्या वाटेवर प्रत्येक ठिकाणी एक प्रश्न मनात ठेवून चला: इथे बाई कुठे आहे? हा प्रश्न बरोबर असला, की पडक्या भिंतीही बोलू लागतात. शाळेतल्या मुलींना घेऊन यातल्या काही जागा मी पाहिल्या, तेव्हा त्यांना किल्ल्याची लांबी-रुंदी कंटाळवाणी वाटली. पण हा एकच प्रश्न विचारला, तर दहाजणींनी दहा उत्तरे दिली.

अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांची मिळून एक छान गोल फेरी होते. सलग तीन-चार दिवस काढता आले तर उत्तम. नाही तर एकेका रविवारी एकेक तुकडा पाहिला तरी चालेल.

कौंडिण्यपूर आणि अंबादेवी

सुरुवात रुक्मिणीच्या माहेरापासूनच करू. अमरावतीहून साधारण चाळीस किलोमीटरवर, तिवसा तालुक्यात, वर्धा नदीच्या काठी कौंडिण्यपूर आहे. भीमक राजाची राजधानी ती हीच, अशी आपल्याकडची श्रद्धा. गाव लहानसे, नदीचा घाट, वर विठ्ठल-रुक्मिणीचे देऊळ. आषाढीला इथून रुक्मिणीची पालखी पायी पंढरपूरला जाते. चारशेहून अधिक वर्षांची ही परंपरा. माहेरची माणसे लेकीला सासरी भेटायला निघावीत, तशी ही वारी. कार्तिकात इथे यात्रा भरते. गर्दी नको असेल तर ती टाळून जा.

भागवतातली कथा तुम्हाला माहीतच आहे. भावाने, रुक्मीने, बहिणीचे लग्न शिशुपालाशी ठरवले. तिला ते मान्य नव्हते. तिने रडत बसण्याऐवजी पत्र लिहिले, ते विश्वासाच्या ब्राह्मणाबरोबर द्वारकेला पाठवले आणि कुठे, केव्हा, कसे यायचे तेही कळवले: लग्नाच्या आदल्या दिवशी मी कुलदेवीच्या दर्शनाला नगराबाहेर जाईन, तिथे ये. आपण या प्रसंगाला ‘रुक्मिणीहरण’ म्हणतो. पण बेत आखला कुणी? तिने! मग हरण कसले? निदान मुलींना गोष्ट सांगताना तरी हे सांगायला विसरू नका.

ते कुलदेवीचे देऊळ म्हणजे अमरावतीची अंबादेवी, असे परंपरा मानते. कौंडिण्यपूरपासून अंबादेवीपर्यंत भुयार होते, असेही जुनी माणसे सांगतात. अंबादेवी आणि शेजारची एकवीरा यांच्या दर्शनाला आपण नवरात्रात जातोच. ओटी भरतो, प्रसाद घेतो, परततो. पण याच देवळाच्या दाराशी १९२७ साली अस्पृश्यांच्या प्रवेशासाठी सत्याग्रह झाला, हे किती जणींना ठाऊक असते? डॉ. पंजाबराव देशमुख त्या लढ्याच्या अग्रभागी होते आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात परिषदेसाठी आले होते. देवीची ओटी भरण्याचा हक्क ज्या बायकांना नव्हता, त्यांच्यासाठीही तो लढा होता. पुढच्या नवरात्रात रांगेत उभ्या असाल तेव्हा एवढे आठवा.

आपल्या रोजच्या वाटेवरचा परकोट

अमरावतीकर बायकांनो, जवाहर गेटात साड्या-बांगड्या घ्यायला जाता ना? भाव करण्याच्या नादात वर मान करून त्या दरवाजाकडे कधी पाहिलेत का? निझामाच्या राजवटीत, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, पेंढाऱ्यांच्या धाकाने शहराभोवती हा दगडी परकोट बांधला गेला. अमरावती कापसाच्या आणि सावकारीच्या पैशाने श्रीमंत झालेली, त्यामुळे लुटारूंचा डोळा तिच्यावर. सुमारे सव्वादोन मैलांचा घेर, २० ते २६ फूट उंची, पाच दरवाजे आणि चार खिडक्या. खिडकी म्हणजे घराची नव्हे हं. माणसे ये-जा करतील असे लहान दार. अंबागेट, भुसारी गेट, नागपुरी गेट ही नावे आपल्या तोंडी रोज असतात. ‘खुनारी खिडकी’ हे नाव मात्र अंगावर काटा आणते. १८१८ साली तिथे झालेल्या रक्तपातावरून ते पडले.

पेंढारी येणार अशी हूल उठली, की आधी काय होत असेल? गडी वेशी बंद करीत असतील आणि आत घरोघरी बायका डाग-दागिने चुलीखाली, उखळाखाली पुरत असतील. हे कुठल्या फलकावर लिहिलेले नाही. पण आपल्याला समजायला फलक कशाला हवा?

अकोल्याची राणी

अमरावतीहून मूर्तिजापूरमार्गे अकोला. मोर्णेच्या काठी असदगड किल्ला आहे. औरंगजेबाच्या काळी असदखानाकडे हा भाग जहागिरीत होता, त्याच्यावरून गडाचे नाव. तट इंग्रजांच्या काळात बराचसा पाडला गेला. आज काही बुरूज आणि दरवाजे उरले आहेत. गावाची दंतकथा मात्र गमतीची आहे. अकोलसिंह नावाच्या राजाने एकदा ससा कुत्र्याच्या मागे लागलेला पाहिला! जिथला ससा एवढा शूर तिथली माती भाग्याची, म्हणून त्याने तिथे गावकूस घातले. ही गोष्ट ऐकून मुले खूष होतात.

दुसरी गोष्ट मोठ्यांसाठी आहे. तीही अकोल्याचीच, राजराजेश्वराच्या देवळाची. याच अकोलसिंहाची राणी रोज मध्यरात्री शंकराच्या पूजेला जाई. राजाच्या मनात संशय आला. एका रात्री तो नागवी तलवार घेऊन तिच्या मागोमाग गेला. पाठीमागे पाऊल वाजले, राणीने वळून पाहिले आणि देवाचा धावा केला. पिंड दुभंगली, ती आत शिरली, पिंड पुन्हा मिटली. बाहेर राहिला तो लुगड्याचा पदर.

श्रावणात या देवळात कावड घेऊन येणाऱ्या भक्तांची केवढी गर्दी होते, ती तुम्ही पाहिली असेल. त्या गर्दीत राणीची आठवण कितीजण काढतात, कोण जाणे. दंतकथा म्हणून सोडून द्यावी, असे कुणी म्हणेल. पण संशयाच्या तलवारीपुढे बाईला दगडात जागा शोधावी लागली, हे कुणीतरी कधीतरी सांगितले आणि शेकडो वर्षे लोकांनी ते जपून ठेवले, याला काही अर्थ आहेच ना?

अकोल्याहून पंचवीसेक किलोमीटरवर बाळापूर आहे. मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावर उंच विटांचा किल्ला उभा आहे. औरंगजेबाचा मुलगा आजमशहा याने तो बांधायला घेतला आणि पुढे १७५७ मध्ये अचलपूरच्या नवाबाने पुरा केला, असे सांगतात. गावाचे नाव किल्ल्याच्या पायथ्याच्या बाळादेवीवरून पडले. म्हणजे इथे निदान गावाच्या नावात तरी बाई आहे! नदीकाठी मिर्झाराजे जयसिंहांची काळ्या दगडाची छत्री आहे. पुरंदरच्या तहातले, १६६५ सालचे, तेच हे जयसिंह. दक्षिणेतून परतताना १६६७ साली बऱ्हाणपूरला ते वारले. छत्रीखाली संध्याकाळी वारा छान लागतो. डबा सोडायला याहून बरी जागा नाही. मात्र कागद, पिशव्या परत आणायच्या हं.

नरनाळा: लेख आणि टाकी

अकोल्याहून अकोट आणि तिथून सातपुड्याच्या पायथ्याचे शहानूर. इथून नरनाळ्याचा चढ सुरू होतो. किल्ला आता अभयारण्यात आहे. शहानूरच्या नाक्यावर वनखात्याची नोंद करून, शुल्क भरून वर जायचे आणि त्यांनी सांगितलेल्या वेळेत खाली उतरायचे. गाडीरस्ता आहे. पण गुडघे धड असतील तर थोडे तरी पायी चाला. सागाच्या जंगलातली ही वाट हिवाळ्यात फार सुरेख असते.

गडावर काय पाहाल? सगळ्यांत आधी महाकाली दरवाजा. बहामनी काळातला, त्यावरचा लेख १४८७ सालचा. दगडात कोरलेली कमळे, जाळ्या आणि वळणदार अक्षरे पाहिली, की आपल्या बारीक कशिद्याची आठवण होते. पुढे नऊगजी तोफ आहे, शक्कर तलाव आहे, राणीमहाल म्हणून दाखवतात ती इमारत आहे. पण मला सर्वांत आवडली ती गडावरची पाण्याची टाकी. एवढ्या उंचीवर शेकडो माणसे राहत, ती पावसाचे पाणी साठवून. काही टाक्यांना तर तेलातुपाची टाकी असेच नाव आहे. तोफा पुरुषांनी डागल्या असतील, पण वर्षभराचे पाणी, तेल, तूप, धान्य पुरवून पुरवून वापरायचे काम कुणाचे, हे तुम्हाला मी सांगायला नको. अकोल्याच्या उन्हाळ्यात नळाला आठवड्याने पाणी येते तेव्हा आपणही गड लढवतच असतो की!

गाविलगड: नाव नसलेल्या बायका

नरनाळ्याहून उतरून अकोटमार्गे परतवाडा आणि तिथून तीसेक किलोमीटरचा घाट चढून चिखलदरा. थंड हवा, कॉफीची झाडे, भीमकुंड, देवी पॉइंट हे सारे पाहाच. पण तेवढेच पाहून परतू नका. चिखलदऱ्याला लागूनच गाविलगड आहे. गवळ्यांचा म्हणून गाविलगड. १४२५ च्या सुमारास अहमदशहा बहामनीने तो पक्का बांधून काढला.

इथल्या दिल्ली दरवाजावर हत्तींना पंजात धरलेले सिंह आणि दोन तोंडांचा गंडभेरुंड पक्षी कोरला आहे. गंडभेरुंड हे विजयनगरकडचे चिन्ह. ते वऱ्हाडात कसे आले? त्याचा धागा फतहुल्ला इमादुल्मुल्क याच्याकडे नेऊन जोडतात. वऱ्हाडच्या इमादशाहीचा हा संस्थापक मूळचा विजयनगरच्या मुलखातला, कानडी ब्राह्मणाचा मुलगा. लढाईत लहानपणी कैद झाला, मुसलमान म्हणून वाढला, वऱ्हाडचा सुभेदार झाला आणि १४९० मध्ये स्वतंत्र झाला. इतिहासाचे पुस्तक एवढ्यावर थांबते. आपल्या मनात मात्र येते, ज्या आईचे लेकरू लढाईत गेले, तिला ते पुढे राजा झाले हे कधी कळले असेल का?

गाविलगडची शेवटची मोठी लढाई १८०३ ची. नागपूरकर भोसल्यांचा आणि इंग्रजांचा सामना २९ नोव्हेंबरला अडगावला झाला. हे अडगाव आपल्या अकोला जिल्ह्यात, तेल्हारा तालुक्यातच आहे. तिथे हरलेली फौज गाविलगडावर आली. मागून वेलस्ली आणि स्टीव्हन्सन. हाच वेलस्ली पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा वेलिंग्टन झाला. डोंगरातून तोफा ओढत आणून उत्तरेकडून तट फोडला आणि १५ डिसेंबरला हल्ला झाला. आतल्या तटाला शिड्या लावून कॅप्टन कॅम्पबेलची तुकडी चढली, दरवाजा उघडला आणि गड पडला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता मारला गेला. दोनच दिवसांनी देवगावचा तह होऊन भोसल्यांनी वऱ्हाडवरचा आपला हक्क सोडला.

आणि घरातल्या बायका? गड जाणार असे दिसताच त्यांना मारून टाकण्याचा हुकूम दिला गेला होता. तो पुरता अमलात आला नाही. काही जणी मेल्या, काही जखमी होऊन वाचल्या. वेलस्लीचे नाव इतिहासात आहे, कॅम्पबेलचे आहे, बेनीसिंगाचे आहे. त्या बायकांपैकी एकीचेही नाव सापडत नाही. ज्या वाचल्या त्यांचे पुढे काय झाले, कुणाकडे गेल्या, काय खाल्ले, कुणी त्यांना ‘तू जिवंत कशी राहिलीस?’ असे विचारले का? गडावरच्या तलावाच्या काठी क्षणभर बसलात, तर हे प्रश्न आपोआप मनात येतील. माझ्या मते कोणत्याही तोफेपेक्षा गाविलगडावर हेच पाहण्यासारखे आहे.

अचलपूर आणि रिद्धपूर

खाली उतरलात की अचलपूर. इमादशाहीची राजधानी. जुन्या वेशी, दुल्हा रहमानशहांचा दर्गा आणि गावाबाहेर हौज कटोरा, हा तळ्यात बांधलेला अष्टकोनी मनोरा, एवढे तासा-दोन तासांत होते. मग चांदूर बाजारच्या बाजूने मोर्शी तालुक्यातले रिद्धपूर गाठा. आपली फेरी इथे पुरी करायची.

रिद्धपूर ही महानुभावांची काशी. चक्रधरस्वामींचे गुरू गोविंदप्रभू इथे राहत. मराठीतला पहिला मोठा गद्य ग्रंथ ‘लीळाचरित्र’ तेराव्या शतकात म्हाइंभटांनी इथेच सिद्ध केला. आता गावात मराठी भाषा विद्यापीठही स्थापन झाले आहे. पण आपल्याला इथे भेटायचे आहे महदाइसेला.

महदाइसा ही मराठीतली आद्य कवयित्री. तिचे मूळ नाव रूपाइसा. तरुणपणीच वैधव्य आले. ती चक्रधरांकडे आली आणि तिने प्रश्न विचारायला सुरुवात केली. धर्माचे, आचाराचे, अर्थाचे, सुचेल तो प्रश्न. चक्रधरांनी तिला कधी ‘बाईच्या जातीला हे कशाला?’ म्हणून गप्प केले नाही. उलट तिच्या जिज्ञासेचे कौतुक केले. स्त्री आणि पुरुष दोघांनाही मोक्षाचा सारखा अधिकार आहे, असे ते सांगत. मासिक पाळीचा विटाळही त्यांनी मानला नाही. सातशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट. आजही आपल्यातल्या कितीजणी ते चार दिवस देवघरापासून दूर राहतात, याचा विचार करा आणि मग ठरवा जुने कोण नि नवे कोण.

चक्रधरांनंतर महदाइसा रिद्धपूरला गोविंदप्रभूंच्या सेवेत होती. एकदा गोविंदप्रभूंना लग्नाचा खेळ करण्याची लहर आली. लग्न म्हटले की गाणी हवीत. तेव्हा महदाइसेने वरपक्षाची गाणी, म्हणजे ‘धवळे’ रचून म्हटले. आणि विषय कोणता घेतला असेल? रुक्मिणीचे स्वयंवर! एका विधवा बाईने, शुभकार्यात जिला कुणी पुढे येऊ दिले नसते अशा बाईने, लग्नाच्या मांडवात वऱ्हाडच्या लेकीचे गाणे गायिले. मराठीतल्या बायकांची कविता सुरू होते ती अशी. कौंडिण्यपूरहून निघालेली आपली वाट रिद्धपूरला येऊन का थांबवली, ते आता तुमच्या लक्षात आले असेल.

निघण्यापूर्वी

आता थोडे कामाचे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस उत्तम. मार्चनंतर आपल्याकडचे ऊन गडावर सोसवत नाही. पावसाळ्यात चिखलदरा हिरवागार असतो, पण धुके फार आणि गडावरच्या वाटा निसरड्या. पहिल्या दिवशी कौंडिण्यपूर आणि अमरावती, दुसऱ्या दिवशी अकोला-बाळापूर, तिसऱ्या दिवशी सकाळी नरनाळा करून मुक्कामाला चिखलदरा, चौथ्या दिवशी गाविलगड, अचलपूर, रिद्धपूर आणि घर, असा बेत सोयीचा पडतो.

दोन्ही गडांवर खाण्यापिण्याचे काही मिळेल असे धरून चालू नका. पाणी माणशी दोन बाटल्या. दुधात भिजवलेल्या दशम्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी आणि लोणचे दोन दिवस चांगले टिकते. सांभारवडी पहिल्याच दिवशी संपवा. चपला नकोत, पायात बूट हवेत. साडीपेक्षा पंजाबी ड्रेस बरा. सासूबाई बरोबर असतील तर त्यांनाही सुचवून पाहा, चढ चढताना त्या तुम्हाला दुवाच देतील. मोडक्या तटावर चढून फोटो काढायचा मोह टाळा. आणि मुलांच्या हाती खडू, खिळा देऊ नका. पाचशे वर्षांच्या लेखाशेजारी ‘बंटी’ आणि ‘पिंकी’ कोरलेले पाहिले की जीव कासावीस होतो.

घरी परतल्यावर मुलांकडून एक गोष्ट करून घ्या. एका मोठ्या कागदावर घरातल्या चार पिढ्यांची नावे लिहायला सांगा. आजोबा, पणजोबा भराभर लिहिले जातील. मग बायकांची विचारा. आजीचे नाव येईल. पणजीचे? तिचे माहेरचे नाव? लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवे नाव लिहिले गेले, त्याआधी तिला काय म्हणत? घरात कुणी वृद्ध मावशी, आत्या असेल तर तिला लगेच फोन लावा. हे आज विचारले नाही तर पुढे सांगायला कुणी उरणार नाही. गाविलगडावरच्या बायकांची नावे आता कुणालाच सांगता येणार नाहीत. आपल्या पणजीचे नाव मात्र अजून कुणाला तरी आठवत असेल.